आरशाचा की बिनआरशाचा

३ जानेवारी, शुक्रवार

आज पक्कं ठरलं, नवा कॅमेरा घ्यायचा.

सकाळी एका नव्या इमारतीचा जिना काढत होतो. तीन मजले आणि लोखंडी कठडा, वरपासून खालपर्यंत एकच सरळ रेघ. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर कठड्याला मधोमध फुगवटा, जसा कुणी आतून अंगठा दाबून धरलाय. काच पुसली, लेन्स बदलली, तरी फुगवटा जागचा हलेना. कॅमेरा बाजूला करून नुसतं पाहिलं तर कठडा ठणठणीत सरळ. घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर पाहिला, त्यातही सरळ. म्हणजे इमारत ठीक, लेन्स ठीक. बिघाड मधल्या भागात, आतल्या आरशात नाहीतर त्याच्यावरच्या प्रिझममध्ये. अकरा वर्षं वापरलेलं यंत्र आहे, काहीतरी सरकलं असणार.

पस्तीस वर्षं इमारतींचे फोटो काढतोय. धंद्यात मला 'ओळंबा' म्हणतात. गवंडी दोरीला वजन बांधून भिंत तपासतो ना, तो ओळंबा. माझ्या फोटोत भिंत कधी कलत नाही म्हणून. ओळंब्याच्याच कॅमेऱ्यातून वाकडं दिसायला लागलं तर बोलायचं कुणाला?

६ जानेवारी, सोमवार

दुकानात जाऊन आलो आणि होतं ते डोकंही फिरवून घेतलं.

दोन पर्याय आहेत, दोन्ही फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचे. एक डीएसएलआर, म्हणजे माझ्यासारखाच, आरशाचा. लेन्समधून येणारा उजेड आरशावर पडतो, तिथून डोळ्यात. समोर जे आहे तेच दिसतं, मधे कुणी दलाल नाही. दुसरा मिररलेस, बिनआरशाचा. त्यात डोळ्यापुढे एक चिमुकला टीव्ही असतो आणि तो जे दाखवेल ते आपण बघायचं. हलका आहे, आवाज करत नाही, फोटो घेण्याआधीच कसा येईल ते दाखवतो. दुकानदार म्हणाला, "आता सगळे हाच नेतात, साहेब. आरशाचे नवे येणं जवळपास थांबलंय. माझ्याकडे हा शेवटचा पेटीबंद राहिलाय."

मिररलेस हातात घेऊन पाहिला. दुकानातल्या फळ्या मधेच वाकलेल्या दिसल्या. नव्याकोऱ्या कॅमेऱ्यातून! टीव्हीच तो, त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा. आरशाचा बघायचा होता, पण पेटी फोडली तर घ्यावाच लागेल म्हणाला. मार्चअखेरपर्यंत ठेवा म्हणून सांगून आलो.

आरशाचाच घेईन. जवळजवळ नक्की.

९ जानेवारी

दुरुस्तीवाल्याकडे गेलो. माझे कॅमेरे तो वीस वर्षं उघडतोय. त्याने प्रिझम काढलं, पुसलं, बसवलं, आणि खिडकीच्या गजांकडे रोखून स्वतः पाहिलं.

"सरळ आहे."

मी पाहिलं. "वाकडं आहे."

त्याने परत पाहिलं. "मला तर सरळच दिसतंय."

"तुमचा डोळा तेवढा तयार नाही," मी म्हणालो. "ही सवयीची गोष्ट आहे. पस्तीस वर्षं मी दुसरं काही बघितलेलं नाही."

तो हसला आणि स्क्रू आवळता आवळता म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." गमतीनेच म्हणाला असेल. मी कॅमेरा उचलला आणि निघालो. चहा सांगितला होता त्याने, तोही घेतला नाही. माणसाचं वय झालं की हातातली कला जाते, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

१४ जानेवारी

चहा ओतताना अर्धा टेबलावर गेला. ही म्हणाली, "अहो, कप इकडे आहे." या आठवड्यात तिसऱ्यांदा. किटलीची चोच बिघडली आहे. नवी आणायला सांगितली.

ही म्हणजे माझी बायको. तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, आता घरी मला शिकवते.

१८ जानेवारी, शनिवार

मोठं काम आलं! शहराच्या नव्या वाचनालयाचं. आर्किटेक्ट बाईंचा स्वतःहून फोन. इमारत मी बाहेरून पाहिली आहे. उंच उभ्या काचा, त्यांच्यामधे दगडाच्या बारीक पट्ट्या, सगळं काटकोनात. माझ्याचसाठी बांधल्यासारखी. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात उद्घाटनाआधी फोटो हवेत.

शेवटी म्हणाल्या, "एक सांगू का? मागच्या वेळचे काही फोटो जरा मऊ आले होते. कडा धारदार नव्हत्या."

मी म्हणालो, कॅमेरा जुना झालाय, नवा घेतोय. "मग ठीक," म्हणाल्या. पण 'मग'च्या आधी थोडा वेळ गेला.

मऊ! माझे फोटो! मी फोकस अजून हाताने करतो, कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडत नाही. त्या फोटोंच्या वेळी जुनी लेन्स होती, तिचाच दोष. आता कॅमेरा चांगलाच हवा. आरशाचा की बिनआरशाचा? दिवसभर वहीत दोन रकाने पाडून लिहीत बसलो. संध्याकाळी बिनआरशाचा एका गुणाने पुढे होता, म्हणून वही मिटली.

२० जानेवारी

घाई येऊन गेली. माझ्याकडे सहा वर्षं शिकली, आता स्वतःचा स्टुडिओ आहे, दोन मुलांची आई आहे. चालताना, बोलताना, जेवताना घाईच, म्हणून मीच ते नाव ठेवलं होतं. ती तीन वर्षांपासून मिररलेस वापरते.

"सर, माझ्याकडचा दुसरा कॅमेरा ठेवून घ्या. पंधरा दिवस वापरा, मग ठरवा. त्यात फोकस करताना समोरचं दहापट मोठं करून बघता येतं. कडा धारदार झाल्या की रंगाने दाखवतो."

"मला रंगाने दाखवायची गरज नाही."

तिने विषय बदलला. मग म्हणाली, "वाचनालयाचं काम तुम्हालाच मिळालं ना? छान झालं."

हिला कसं कळलं? आर्किटेक्ट बाई आणि ती एकाच गटात असतात. मऊ फोटोंची बातमीही तिकडेच फिरली असेल. कॅमेरा द्यायला आली होती की हवा बघायला? शिष्य आणि मांजर, पाय न वाजवता येतात. कॅमेरा घेतला नाही.

२९ जानेवारी

बँकेच्या पायऱ्या उतरताना शेवटची पायरी चुकली. पडलो नाही. हल्ली पायऱ्या कशाही बांधतात.

दहा दिवसांत चार वेळा ठरवलं, चार वेळा मोडलं. सकाळी आरशाचा, दुपारी बिनआरशाचा. ही म्हणते, लग्न ठरवताना एवढा विचार केला नव्हतात. तेव्हा एकच मुलगी बघितली होती म्हणालो. तिने वाटी आपटली, पण हसली.

तिच्या चेहऱ्याकडे पाहताना आज क्षणभर एक गाल जरा लांबट वाटला. झोप कमी होते आहे माझी.

५ फेब्रुवारी

फुगवटा वाढला. आता कुठल्याही रेघेकडे रोखलं की मधला भाग नुसता वाकत नाही, पुसटही होतो, बोटाचा ठसा उमटल्यासारखा. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर बघितलं तर सगळं ठीक. म्हणजे रोग व्ह्यूफाइंडरमध्येच, यात आता शंका नाही. दुरुस्तीवाल्याला फोन करून सांगावं असं वाटलं. केला नाही.

१५ फेब्रुवारी

मी बाहेर गेलो असताना घाई आपला मिररलेस हिच्याकडे ठेवून गेली. सोबत चिठ्ठी: "सर, रागावू नका. नुसता बघा." ही म्हणाली, "पोरगी दारातच उभी राहिली. तुमची तब्येत कशी आहे विचारत होती." माझ्या तब्येतीला काय झालंय?

कॅमेरा घरात आहेच तर आता नीट शास्त्रशुद्ध परीक्षा घेतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळं जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी हिच्या खणातून आलेखाचा कागद घेतला, मोठा, बारीक चौकटींचा. कपाटाच्या दारावर ताणून चिकटवला. ट्रायपॉड लावला. आधी माझा जुना कॅमेरा. अपेक्षेप्रमाणे, मध्याच्या जरा खाली उजवीकडच्या चौकटी फुगलेल्या आणि मळकट. कागदावरच्या जागेची नोंद केली. मग घाईचा मिररलेस. त्याच चौकटी, तेवढाच फुगवटा.

मला आनंदच झाला. ओरडून हिला बोलावलं. "बघ, दोन्ही सदोष. नवा काय, जुना काय, सगळा कचरा."

ती खुर्चीवर बसली, आधी कागदाकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "दोन मुलांच्या वहीत एकाच ठिकाणी एकच चूक सापडली की मी काय म्हणायची माहीत आहे?"

"कॉपी केली."

"आणि दोघं दोन वेगळ्या शाळांतली असतील तर?"

मी दोन्ही कॅमेऱ्यांकडे पाहिलं.

"मग प्रश्नच चुकीचा उतरवून दिलेला असतो. कॅमेरा खाली ठेवा."

"का?"

"ठेवा तर. आता डावा डोळा हाताने झाका आणि नुसतं कागदाकडे बघा."

झाकला.

कागद फुगला होता. कॅमेरा नाही, लेन्स नाही, आरसा नाही. आमच्या कपाटाच्या दारावरच्या चौकटी, मध्याच्या जरा खाली, उजवीकडे. पाण्यात पडलेल्या जाळीसारख्या.

"आता उजवा झाका."

सगळ्या चौकटी सरळ. एकूण एक.

मी परत डावा झाकला. परत उजवा. किती वेळा केलं कोण जाणे. व्ह्यूफाइंडरला मी नेहमी उजवा लावतो आणि डावा मिटतो. एरवी दोन्ही उघडे असतात, चांगला डोळा दुसऱ्याच्या चुकीवर पांघरूण घालतो. पस्तीस वर्षं ज्या डोळ्यावर पोट भरलं तोच.

ही उठली आणि माझा हात डोळ्यावरून खाली घेतला. "पुरे आता," म्हणाली. मग जाऊन तिने डॉक्टरांकडे उद्याची वेळ घेतली. मी कागद काढायला गेलो तर म्हणाली, राहू दे.

१७ फेब्रुवारी

डॉक्टर बाई तरुण आहेत. यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं आणि डोळ्याच्या आतला फोटो काढला. माझ्यापेक्षा चांगला फोटो होता. डोळ्यामागचा पडदा त्यांनी पेनाने दाखवला, सपाट असायला हवा तिथे टेकडी. पडद्याखाली नको तिथे बारीक रक्तवाहिन्या वाढल्यात, त्यांतून पाणी झिरपतंय. "ज्या कागदावर चित्र उमटतं तो कागदच उचलला गेलाय," म्हणाल्या, "मग रेघ सरळ कशी दिसेल?"

डोळ्यात इंजेक्शन द्यायचं. महिन्याला एक, निदान तीन. पुढचं पुढे.

"किती दिवसांपासून असं दिसतंय?"

मी म्हणालो, थोडे दिवस झाले.

ही म्हणाली, "हे रोजनिशी लिहितात. त्यात असेल."

घरी येऊन पानं उलटली. तीन जानेवारी. आजपर्यंत पंचेचाळीस दिवस. एकेक पान वाचलं. प्रिझम, टीव्ही, किटली, बँकेच्या पायऱ्या. ज्याला ज्याला दोष दिला त्या सगळ्यांची यादी माझ्याच अक्षरात.

लवकर आलो असतो तर काय झालं असतं, हे मी निघताना विचारलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "लवकर आलेलं केव्हाही बरं. पण आता आलात ना." हे उत्तर नव्हे. की हेच उत्तर होतं?

१८ फेब्रुवारी

पहिलं इंजेक्शन झालं. थेंब घालून बधिर करतात, दुखत नाही. सुई दिसतही नाही, नुसता दाब जाणवतो आणि मग डोळ्यात धुराची वेटोळी फिरतात. मी खुर्चीचा दांडा इतका घट्ट धरला होता की नर्सने बोटं एकेक करून सोडवली.

पूर्वीसारखं दिसेल का? "पाणी ओसरेल. रेघ किती सरळ होईल ते आज सांगता येणार नाही. दुसरा डोळाही सांभाळायचा. रोज एकेक डोळा झाकून चौकटींचा कागद बघायचा." कपाटावरचा कागद आता तिथेच राहणार.

२३ फेब्रुवारी

कुणाला सांगायचं नाही असं ठरवलंय. आर्किटेक्ट बाईंना तर नाहीच. डाव्या डोळ्याने काढेन, त्यात काय मोठंसं.

सकाळी गच्चीवर सराव केला. डावा डोळा लावला की नाक कॅमेऱ्याच्या पाठीवर चेपतं. उजवा मिटता मिटत नाही, जन्मात कधी मिटलाच नाही तो. हात चुकीच्या बाजूला जातो. पंधरा फोटो काढले, नऊ मऊ. डाव्या हाताने सही करायला बसल्यासारखं वाटलं.

ही कपडे वाळत घालत होती. न बघता म्हणाली, "सांगून टाका."

"काम जाईल."

"आणि न सांगता मऊ फोटो दिलेत तर?"

२६ फेब्रुवारी

सांगून टाकलं.

आर्किटेक्ट बाईंच्या कार्यालयात गेलो. वाटेत तीन वेगवेगळी भाषणं तयार केली होती, तिथे पोचल्यावर एकही आठवेना. म्हणालो, "माझा उजवा डोळा खराब झालाय. मागच्या वेळचे फोटो मऊ आले ते कॅमेऱ्यामुळे नव्हे."

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "खरं सांगू? मी आधी तुमच्या शिष्येला विचारलं होतं. डिसेंबरातच. ती म्हणाली, ही इमारत सरांची आहे, त्यांनाच विचारा. तिने नाही म्हटलं म्हणून तुम्हाला फोन केला."

खुर्चीत बसल्या जागी मी लहान झालो.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं. काम राहू द्या, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. माझ्यावरच टाकलं.

म्हणालो, "दोघांना द्या. नावं दोघांची जातील. तिचं आधी."

तिथून सरळ घाईच्या स्टुडिओत गेलो. तिला सगळं सांगितलं, शिष्य आणि मांजर ही ओळ सोडून. ती उभीच होती. म्हणाली, "नोव्हेंबरात तुम्ही एका हॉलचे फोटो पाठवले होते, आठवतं? त्यात फोकस मागच्या भिंतीवर होता. तुमच्याकडून असं व्हायचं नाही. मला वाटलं चष्मा बदलायला झालाय. विचारायला आले होते, पण तुम्ही..." आणि थांबली.

"विचारायचं होतंस."

"तुम्हाला? कसं विचारायचं, सर?"

खरं आहे. मला कसं विचारायचं?

८ मार्च

वाचनालय. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत. पुस्तकं अजून आलेली नाहीत, नुसती रिकामी मांडणी आणि उजेड.

कॅमेरा घाईचा, ट्रायपॉड माझा. मी जागा शोधायच्या, तिने फोकस बघायचा, असं ठरलं होतं. पहिला तासभर आम्ही एकमेकांच्या पायात पाय घालत होतो. मी म्हणायचो दोन बोटं डावीकडे, ती म्हणायची झालं. मी म्हणायचो झालं नाही.

मग मधल्या दालनात उभा राहिलो. दोन्ही डोळे उघडे ठेवून नुसता उभा. काचांमधून उतरणारा उजेड फरशीवर पट्टे पाडत होता आणि ते हळूहळू मांडणीकडे सरकत होते. अजून वीस मिनिटांनी पट्टा बरोबर खालच्या फळीवर येणार होता. मी म्हणालो, "थांबू." ती, घाई, थांबली. वीस मिनिटं पायरीवर बसलो. तिने मुलांच्या शाळेतल्या गोष्टी सांगितल्या. पट्टा फळीवर आला तशी ती उठली, पाठीवरच्या पडद्यावर कड दहापट मोठी करून पाहिली आणि बाजूला झाली. "तुम्ही दाबा," म्हणाली.

दाबलं. आवाजच आला नाही. आरसा नाही, मग खटका कसला. मला कळेना फोटो निघाला की नाही. ती पडद्याकडे बोट दाखवत होती.

२१ मार्च

मंगळवारी दुसरं इंजेक्शन झालं. आज कागदावर फुगवटा कमी आहे, पण आहे. मधला ठसा फिकट झालाय, गेलेला नाही. डॉक्टर म्हणतात, हे चांगलं लक्षण. पूर्ण जाईल का विचारलं तर म्हणाल्या, "बहुतेक नाही." त्या गोड बोलत नाहीत, मला ते आवडतं.

वाचनालयाचे फोटो पोचले. आर्किटेक्ट बाईंचा निरोप एवढाच: "उजेडाचा पट्टा मोठा करून प्रवेशद्वारात लावतोय." त्यावर घाईने मला तीन फोन केले. तिसऱ्यांदा काय बोलायचं तेच विसरली.

दुरुस्तीवाल्याकडे जाऊन चहा घेऊन आलो. "अंगण सरळच होतं," मी म्हणालो. त्याला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा हातातला स्क्रू टेबलावर ठेवून दिला आणि आणखी एक चहा सांगितला.

२९ मार्च, शनिवार

महिना संपत आला, दुकानदाराचा फोन. जाताना घाईला बरोबर घेतलं.

आज त्याने आपणहून आरशाच्या कॅमेऱ्याची पेटी फोडली. "हा गेला की पुन्हा मिळणार नाही. बघून तर घ्या," म्हणाला. डावा डोळा लावला. रस्ता, समोरची दारं, गॅलऱ्यांचे गज, सगळं सरळ, स्वच्छ, मधे कुणी नाही. खटका दाबला, हातात तो ओळखीचा दणका बसला. पस्तीस वर्षांचं घर. आता डाव्याने हा चालतो, मग अडलंय कुठे? मी पाच मिनिटं तो खाली ठेवला नाही. दुकानदाराला वाटलं सौदा झाला.

पण डाव्याचंही काय सांगावं? डॉक्टर रोज तपासायला उगीच सांगत नाहीत. आरशाचा कॅमेरा आज माझ्याकडे जो डोळा आहे त्याच्यासाठी आहे. बिनआरशाचा कड मोठी करून दाखवतो, तो पुढे जो डोळा उरेल त्याच्यासाठी. मला अजून दहा वर्षं काम करायचं आहे. रकाने वगैरे आज आठवलेही नाहीत.

"दुसरा द्या," मी म्हणालो.

घाईने तो पेटीतून काढला, पट्टा लावला, बॅटरी घातली, एका दमात. मग व्ह्यूफाइंडरशेजारचं, डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचं छोटं चाक धरून विचारलं, "सर, कुठल्या डोळ्याने बघणार?"

दुकानात आणखी दोघंजण होते. दुकानदारही थांबून ऐकत होता.

"डाव्या," मी म्हणालो. "उजव्याने मला नीट दिसत नाही."

तिने चाक दोन घरं फिरवलं आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.

"आता बघा."